चोवीस नाण्यांची पारख

माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दारात माणूस उभा राहिलेला त्यांना कळे, पण तो कोण ते खाकरण्यावरून नाहीतर चपलेच्या आवाजावरून ओळखावं लागे. तरी निपाणीच्या वखारीत तंबाखूचे दलाल त्यांच्याच हातात पान देत. ते पान अंगठ्यानं हलकेच चोळत, नाकाशी नेत आणि कुठल्या रानाचं, किती वाळवलेलं ते सांगत. त्यांचं सांगणं चुकलेलं मी पाहिलं नाही. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. लग्न होऊन आल्यावर मीही आप्पाच म्हणू लागले.

आमचं गाव निपाणीपासून चार मैलांवर. जैनांचं शेतकरी घर. चुलीपाशी कानडी आणि बाजारात मराठी. मी मराठी सातवी, म्हणजे फायनल पास झालेली. माझी नणंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा तापानं गेला आणि ती परत माहेरी आली. तिनं कानडीतून फायनल दिली आणि एक दिवस जेवणं आटोपल्यावर आप्पांना सांगितलं, की मला धारवाडला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचंय. आप्पा आठ दिवस विचार करत होते. नवव्या दिवशी म्हणाले, जाऊ दे तिला.

पैशाचं म्हणाल तर त्या वर्षी घरात अगदीच नड होती असं नाही. पण आप्पांच्या मनात वेगळंच होतं. माझ्या नवऱ्याला आणि धाकट्या दिराला समोर बसवून ते म्हणाले, "तिचं शिक्षण माझ्या आईच्या चांदीवर होऊ दे. तुमचा पैसा नको. म्हणजे उद्या तिला कुणी बोलणार न्हाय."

ही चांदी म्हणजे पितळी डबीतली चोवीस नाणी. आप्पांचे वडील बैलगाडीनं तंबाखू घेऊन कराडपर्यंत जात. तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं तंबाखूच्या बदल्यात ही नाणी दिली होती, एवढंच घरात ठाऊक होतं. आप्पांच्या आईला या नाण्यांची माळ करून घालायची होती. माळ झाली नाही आणि ती बाई गेली. रुंदीनं नाणी चांदीच्या चवलीएवढी, पण तिच्याहून जाड. एका बाजूला मिशीवाल्या माणसाचं डोकं, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ. कडेनं अक्षरं होती. ती ना बालबोध होती, ना कानडी, ना मोडी.

दुसरी मोठी लढाई चालू होती आणि चांदीचे भाव चढले होते. दुसऱ्या दिवशी बेळगावला जायचं ठरलं. आप्पांना दिसत नव्हतं आणि नवरा, दीर दोघंही तंबाखूच्या कामात अडकलेले, म्हणून सोबतीला मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, काळीठिक्कर नाणी घेऊन सराफाकडं कसं जायचं, जरा उजळून घे. मी चिंच आणि राख घेऊन न्हाणीपाशी बसले. नाणी अशी काही लखलखू लागली की मला माझाच अभिमान वाटला. आठ झाली असतील, तेवढ्यात ओसरीवरून आप्पांनी विचारलं, काय घासतेस? मी सांगितलं. ते भिंतीला हात लावत आत आले, एक घासलेलं नाणं बोटात धरलं, एक न घासलेलं धरलं.

"पुरे," ते म्हणाले. "जुन्या वस्तूच्या अंगावर काय असतंय ते आपल्याला कळत न्हाय. कळत न्हाय तोवर हात लावू नये."

रागावले नव्हते, पण मी डबी पुसून ठेवून दिली.

त्या संध्याकाळी ते उंबऱ्याजवळच्या दगडी फरशीवर एकेक नाणं टाकून ऐकत बसले. चोवीसच्या चोवीस. पाच नाणी त्यांनी बाजूला काढली आणि वेगळ्या फडक्यात बांधायला लावली. का, असं मी विचारलं. म्हणाले, ही मुकी हायत, बाकीची बोलत्यात. का ते मला सांगता यायचं न्हाय.

सकाळी सर्व्हिस मोटर धरली. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळं मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली. संकेश्वरला ती अर्धा तास गार करत ठेवली. घाटाच्या चढावर पुरुषमाणसं उतरून चालली. आप्पांना सर्वांनी बसायला सांगितलं तरी तेही माझा हात धरून चाललेच. बेळगावला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

सराफकट्ट्यावर आप्पांच्या ओळखीचं एक दुकान होतं. सराफानं नाणी तराजूत टाकली. सगळी मिळून साडेचार तोळ्यांच्या आसपास भरली. चालू भावानं पाच-सहा रुपये होतील, असं त्यानं सांगितलं. माझा चेहरा पडला असणार. एवढ्यात धारवाडचं भाडं आणि दोन महिन्यांचं जेवणही निघालं नसतं. आतपर्यंत चांदीच आहे का ते बघायला त्यानं छिन्नी उचलली. आप्पांना छिन्नी दिसली नसेल, पण लोखंड पाटावर घासल्याचा आवाज आला. त्यांनी नाण्यांवर पंजा ठेवला आणि शांतपणे विचारलं, की ही वितळवायचीच वस्तू आहे, असं तुम्हाला खात्रीनं वाटतं का?

सराफ भला माणूस. त्यानं छिन्नी खाली ठेवली. म्हणाला, मला धातू कळतो, त्याच्यावरचं कळत नाही. कॅम्पात एक म्हातारे ठसे कोरणारे आहेत, पलटणीचे बिल्ले करतात. आधी त्यांना दाखवा आणि मग वाटलं तर माझ्याकडं या, भाव हाच देईन. हातातलं गिऱ्हाईक त्यानं असं दुसऱ्या दारी धाडलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कॅम्पात गोऱ्या आणि काळ्या शिपायांची गर्दी होती. चर्चच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या छपराखाली ते गृहस्थ बसले होते. जातीनं जिनगर. वडिलांनी पलटणीच्या घोड्यांची खोगिरं शिवली. यांनी शिवणकाम सोडून पोलादात कोरायला सुरुवात केली. बटणं, बिल्ले, शर्यतीच्या चांदीच्या पेल्यांवरची नावं, कचेऱ्यांचे शिक्के, सगळं त्यांच्याच हातचं. सगळे त्यांना काका म्हणत. साठी उलटलेली, अंगानं काटक, डाव्या डोळ्याला लावायचं भिंग दोऱ्यानं कपाळावर बांधलेलं.

आम्ही काय घेऊन आलो ते ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नाण्यांबद्दल नव्हताच. जमिनीत सापडली की घरातली, असं विचारलं. जमिनीतली असतील तर आधी मामलेदाराच्या कचेरीत कळवायचं आणि मगच माझ्याकडं आणायचं, असं म्हणाले. आप्पांनी वडिलांची आणि कराडच्या व्यापाऱ्याची हकीकत सांगितली. मग त्यांनी हात धुतले, फडक्याला पुसले आणि एक नाणं उचललं. उचलताना चेहऱ्याला बोट लावलं नाही, नुसतं कडेला धरलं. मी त्या दिवसापासून नाणं तसंच धरते.

पहिल्या नाण्यावर त्यांनी बराच वेळ घालवला. भिंग डोळ्याला, नाणं उन्हाच्या तिरिपेत, एकदा इकडून एकदा तिकडून. मग ते आप्पांना म्हणाले, "अण्णा, मी चाळीस वर्सं डोकी कोरतोय. राजाचं, राणीचं, घोड्याचं. हे डोळ्याचं काम बघा. दोन रेघांत बुबूळ बसवलंय. मला न्हाय जमायचं."

मग ते उठले आणि आमच्या दोघांसाठी घोंगडी टाकली. तोवर आम्ही उभेच होतो आणि ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते काम कसं करत होते ते मी जवळून पाहिलं. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. कुठला राजा, कुठलं राज्य, काही ठाऊक नव्हतं. पण ठसा, म्हणजे ज्याच्यावर चांदी ठोकून नाणं पाडतात तो कोरलेला तुकडा, ठाऊक होता. ते मला एकेक दाखवत गेले, कारण आप्पांना दिसत नव्हतं आणि मी ते त्यांना सांगायचं होतं. ठोकलेल्या नाण्यावर अक्षराची कड उभी असते, नखाला लागते. हातोड्याच्या दणक्यानं चांदी बाहेरच्या बाजूला पळते, कड कुठं कुठं तडकते. हातानं ठोकलेली दोन नाणी कधीच सारखी नसतात. एकाचं कपाळ कापलं जातं, एकाची हनुवटी. त्यांनी तीन नाणी ओळीनं मांडली. तिन्ही एकाच ठशाची. पहिल्यावर मिशीखाली काही नव्हतं, दुसऱ्यावर केसाएवढी रेघ, तिसऱ्यावर ती रेघ मानेपर्यंत गेलेली. ठशाला तडा जात होता आणि तरी तो कारागीर ठोकतच राहिला होता, असं ते म्हणाले. सांगताना ते नुकतंच शेजारच्या दुकानात घडल्यासारखं सांगत होते.

मग मी फडक्यातली पाच नाणी पुढं केली. आप्पांनी ती वेगळी का काढली ते मी मुद्दामच सांगितलं नाही. काकांनी पाची भिंगाखाली धरली आणि पाचीवर डाव्या गालाशी तोच एक ओरखडा दाखवला. तीच जागा, तीच लांबी. एका खऱ्या नाण्यावर ओरखडा होता. त्याचा साचा करून ही पाच कुणीतरी ओतली होती. अक्षरांच्या कडा मऊ, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि कडेला कानशीनं सांधा घासलेला. चांदीही हलकी, मिसळीची.

आप्पांनी ती पाच नाणी एकेक करून चाचपली. मग म्हणाले, की आईच्या माळेला चोवीस नाणी लागणार होती. बापाजवळ तेवढी नसतील. त्यानं गावच्या सोनाराकडनं भरती करून घेतली असेल. त्यात बापाला कमीपणा आला असं त्यांना वाटलं नाही. बायकोची हौस पुरी करायला निघाला होता, एवढंच म्हणाले.

आवाजावरून तुम्ही ही पाच काढली, हे मी सांगितलं तेव्हा काकांनी भिंग कपाळावर सारलं आणि आप्पांकडं बघत राहिले. मला भिंग लागलं, तुम्हाला तेही लागलं न्हाय, असं काहीसं ते बोलले. आप्पा लाजल्यासारखे झाले. दोन म्हातारी माणसं, एक शेतातलं आणि एक पोलादातलं, पहिल्यांदाच भेटलेली. दोघांनाही एकमेकांचा हात कळला होता.

त्यानंतर माझी आठ चकचकीत नाणी आली. ही कुणी घासली, असं काकांनी विचारलं आणि मी म्हटलं, मीच. त्यांनी मला भिंग दिलं. न घासलेल्या नाण्यावर अक्षरांच्या खोबणीत काळं बसलेलं, त्यामुळं प्रत्येक रेघ उठून दिसत होती. माझ्या नाण्यांवर सगळं एकसारखं पांढरं आणि वर राखेचे बारीक ओरखडे. शेकडो वर्षं कुणी केलं नाही ते मी अर्ध्या तासात केलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते काकांनी बघितलं असावं. ते म्हणाले, "काळं म्हंजे मळ न्हवं, सूनबाई. ते नाण्याचं वय हाय. ते बघूनच घेणारा भाव करतोय. आता म्हाईत झालं न्हवं, बास."

ऊन कलतं झालं तसं त्यांनी हातातलं काम आपणहून थांबवलं. जैन माणसं दिवस मावळायच्या आत जेवतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या बायकोनं अंगणात पाणी आणून ठेवलं. आम्ही बरोबर आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि तेवढा वेळ, आम्हाला संकोच नको म्हणून, ते दाराकडं पाठ करून बसले.

किंमत मात्र त्यांनी सांगितली नाही. मला हात कळतो, किंमत कळत नाही, म्हणाले. धारवाडला इतिहासाचे एक पेन्शनर प्रोफेसर होते. त्यांना काकांनी पूर्वी जुन्या लिपीतल्या अक्षरांचा शिक्का कोरून दिला होता. अक्षर न कळता त्याचं वळण हुबेहूब उतरवलं, तेव्हापासून ओळख. त्यांना विचारू, असं ठरलं. शिपायांनी टाकलेल्या सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद काकांनी गोळा करून ठेवलेला होता. तो नाण्यावर ठेवून त्यांनी कापसानं हलके हलके दाबला. कागदावर राजाचं डोकं उमटलं, मिशीसकट. एकोणीस नाण्यांच्या दोन्ही बाजू त्यांनी अशा उतरवल्या, काडेपेट्यांत कापूस घालून त्यात ठेवल्या आणि रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. नाणी आम्ही परत घरी आणली.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. प्रोफेसर स्वतः येणार होते. आम्ही पुन्हा कॅम्पात जाऊन बसलो. लोंढ्याला मिलिटरीच्या गाड्या सोडण्यासाठी त्यांची गाडी अडवून ठेवली होती. सकाळी पोचायचे ते तिसऱ्या प्रहरी आले. कोट, धोतर आणि हातात जेवणाचा डबा. आल्या आल्या डबा बाजूला ठेवला आणि नाणी मागितली.

त्यांनी ती अक्षरं मोठ्यानं वाचली तो क्षण मी विसरणार नाही. आमच्या घरातल्या डबीत साठ-सत्तर वर्षं पडलेली ती अक्षरं कुणीतरी पहिल्यांदा उच्चारत होतं. आधी बापाचं नाव, मग राजाचं. ती नावं आज मला आठवत नाहीत. पण ते क्षत्रप राजे होते, नाणी सोळाशे वर्षांपूर्वीची आणि डोक्यामागं आहे ते नक्षीकाम नसून आकडे आहेत, साल आहे, असं ते म्हणाले. आप्पांनी हळूच विचारलं, की त्या काळी पण बापाचं नाव लावायचे का? प्रोफेसर म्हणाले, होय, बापाशिवाय कुणी राजा होत नव्हता.

काकांनी एक नाणं मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. दिसायला सगळ्यांत वाईट, काळं आणि एका बाजूला सरकलेलं. ह्याचा ठसा दुसऱ्याच कुणाच्या हातचा आहे, नाकाची रेघ एका दमात मारलीय, असं त्यांचं म्हणणं. प्रोफेसरांनी ते खिडकीशी नेलं. बऱ्याच वेळानं परत आले आणि काकांना म्हणाले, की तुम्ही हे वेगळं काढलं नसतं तर मीही बाकीच्यांबरोबरच धरलं असतं. तो राजा थोडेच दिवस गादीवर होता. त्याची नाणी फार सापडत नाहीत.

नाणी प्रोफेसर स्वतःच विकत घेणार होते. भाव करताना माझ्या आठ नाण्यांची पाळी आली. ती कशी घासली गेली ते मीच सांगितलं. त्यांतल्या दोहोंवरच्या सालाचा शेवटचा आकडा पुसट झाला होता. प्रोफेसरांनी पुन्हा पुन्हा बघितलं आणि मान हलवली. त्या आठांचा भाव निम्मा धरला गेला, आणि ते बरोबरच होतं. काळ्या नाण्याचे एकट्याचे तीस, दहांचे साठ, माझ्या आठांचे चोवीस. एकशे चौदा रुपये झाले. आप्पांनी घासाघीस केली नाही. काकांनी आपलं काही घेतलं नाही. प्रोफेसरांनी परत आणलेल्या चंदेरी कागदांतला एक मला ठेवू द्या, एवढंच मागितलं.

राहिली ती पाच. प्रोफेसर म्हणाले, विद्यार्थ्यांना दाखवायला तीही घेतो. आप्पांनी ती आधी काकांच्या हातात दिली आणि सांगितलं, "ह्याच्यावर खूण ठोका. मी मेल्यावर कुणी खरी म्हणून विकायला नको."

काका जरा घुटमळले. दुसऱ्या कारागिराच्या कामावर छिन्नी मारणं त्यांच्या जिवावर आलं असावं. मग त्यांनी ऐरणीवर एकेक ठेवून कडेला बारीक फुली मारली. त्यातली दोन प्रोफेसरांनी नेली. उरलेली तीन आत्याबाईंनी पुढं काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या थोरल्या मुलाच्या कमरेला बांधली. तो त्या पावसाळ्यातच जन्मला.

नणंद जूनमध्ये धारवाडला गेली. तिला ट्रंक, छत्री आणि दोन नवी लुगडी घेऊन दिली, उरलेले रुपये आप्पांनी तिच्याच हाती ठेवले. पहिल्या सहामाहीत ती नापास झाली, गणितात. परत येते म्हणून पत्र आलं. आप्पांनी माझ्याकडून उलट टपाली लिहवून घेतलं, की इथं तुझी खोली आता धान्यानं भरलीय, जागा न्हाय. ती तिथंच राहिली आणि दुसऱ्या वर्षी पास झाली. तिची पहिली नेमणूक नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यात झाली. वर्गात निम्मी पोरं मराठी बोलणारी, निम्मी कानडी, आणि ती दोन्ही बोलणारी. त्यामुळं तिचं बरं चाललं. मी तिच्याकडं आठ दिवस राहून आले. सकाळी पोरांच्या आधी ती शाळेत जाई आणि ओसरीवरचा केर स्वतः काढी.

लढाई संपल्यावर कॅम्पातली गर्दी ओसरली आणि बिल्ल्यांचं काम थांबलं. काका आता बाजारकट्ट्यावरच्या दुकानदारांचे रबरी शिक्के करून देत होते. एकदा मी भेटायला गेले तेव्हा ते नव्या पोलादाच्या तुकड्यावर एक डोळा कोरत बसले होते, नुसता डोळा. बाजूला तसे आठ-दहा टाकून दिलेले तुकडे पडले होते. समोर तो चंदेरी कागद, दोन रेघांतल्या बुबुळाचा, भिंगाच्या काचेखाली दाबून ठेवलेला. हे कुणाच्या कामाचं, असं मी विचारलं. कुणाच्याच न्हाय, म्हणाले, आणि पुन्हा पोलादावर वाकले.